सीपीच्या पोराला सर्दी झाली की घरात काय करायचं आणि कधी निघायचं

जून लागला की आमच्या बेळगावकडच्या खानापूर भागात पाऊस जो धरतो तो गणपतीपर्यंत काय सोडत नाही, कपडे वाळत नाहीत, भिंतीला ओल येते, आणि मी रोज रात्री पोराच्या छातीला कान लावून झोपते. बाळू माझा ९ वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी (सीपी, म्हणजे मेंदूला इजा होऊन अंगावर ताबा न राहणं), मान धरत नाही, बसत नाही, बोलत नाही, मिक्सरमधनं काढलेलं खातो, फिटची औषधं चालू, वजन १४ किलो. आतापर्यंत छातीच्या त्रासानं ३ वेळा ॲडमिट झालाय. मी काय डॉक्टर नव्हे, पण त्या ३ वेळांत डॉक्टरांकडनं, नर्सताईंकडनं आणि फिजिओवाल्या मॅडमकडनं जे शिकले ते लिहून काढते, म्हणजे दुसऱ्या कुठल्या आईला रात्री २ वाजता एकटीनं शिकावं लागायला नको.

पहिल्या वेळी आमचं काय चुकलं ते आधी सांगते. बाळूची छाती तशी कायमचीच वाजते, लाळ गिळता येत नाही ना, घशात घरघर चालूच. त्यामुळं सर्दी झाली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं त्याची छाती कधी वाजत नाही?" नवरा म्हणाला उद्या बघूया की. जवळच्या एका डॉक्टरांना दाखवलं तर ते म्हणाले सीपीचं पोर आहे, असं असणारच. आणि मला मनातनं वाटत होतं की हे नेहमीचं नाही, पण नेहमीचं म्हणजे नक्की काय ते मला सांगता येईना. आकडा नाही, काय नाही, नुसतं "आज वेगळं वाटतंय". असल्या वाटण्याला कोण विचारतंय? तिसऱ्या दिवशी ऑक्सिजनवर.

म्हणून पहिलं काम हे, आणि ते पोर बरं असताना करायचं. कागद घ्या. पोर गाढ झोपलेलं असताना पोटाकडं बघत पूर्ण १ मिनिट श्वास मोजा, मोबाईलवर टायमर लावून, अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही कारण आपली पोरं मध्येच थांबून श्वास घेतात. ३ वेगवेगळ्या दिवशी मोजा आणि लिहा. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर मेडिकलमध्ये मिळतं, ते घ्या, जागेपणी किती आणि झोपेत किती ते लिहा. वजन लिहा. दिवसाला किती वेळा कफ काढावा लागतो, कफाचा रंग कसा, किती वेळा लघवी करतो, आठवड्याला किती फिट येतात, दुखलं की काय करतो (बाळू खालचा ओठ चावतो, रडत नाही). आणि मोबाईलवर छाती उघडी ठेवून झोपेतला ३० सेकंदांचा व्हिडिओ काढून ठेवा, आवाजासकट. हा व्हिडिओ नंतर सोन्याच्या भावाचा ठरतो, डॉक्टरला नुसतं दाखवायचं, हा त्याचा नेहमीचा श्वास आणि हा आत्ताचा. दुसऱ्या वेळी मी हेच केलं आणि ५ मिनिटांत ॲडमिशनचा कागद झाला.

वजन कसं करायचं हा प्रश्न सगळ्यांना पडतो, कारण पोर उभं राहत नाही. त्याला कडेवर घेऊन आपण काट्यावर उभं राहायचं, मग एकट्यानं उभं राहायचं, वजाबाकी. दर २ महिन्यांनी करा, का ते तापाच्या औषधात सांगते.

आता आपल्याच पोरांना एवढं का होतं. साधं पोर जोरात खोकतं, कफ वर येतो, गिळून टाकतं आणि खेळायला जातं. आपल्या पोरांच्या खोकल्यात तेवढा दम नसतो. त्यात पाठीचा कणा वाकडा असला तर एका बाजूचं फुप्फुस दाबलेलं असतं, गिळताना थोडी लाळ नायतर दूध श्वासनळीत जात असतं, पोटातलं आंबट वर येतं, आणि कायम आडवं पडून राहिल्यानं फुप्फुसाच्या खालच्या भागात हवा नीट खेळत नाही. व्हायरस आला की नाक सुजतं, कफ वाढतो, घट्ट होतो आणि ही सगळी झाकलेली दुखणी एकदम वर येतात. वर ताप आला की फिट वाढतात, फिट आली की आणखी लाळ छातीत जाते, खोकून उलटी झाली की फिटचं औषध बाहेर पडतं, मग आणखी फिट. हे चक्र चालू व्हायच्या आत थांबवायचं, सगळा खेळ त्याचाच आहे.

व्हायरस कुठला ते घरात बसून कळत नाही. आरएसव्ही, ऱ्हायनो, पॅराइन्फ्लुएन्झा, मेटान्यूमो, ॲडिनो, कोविड, सगळ्यांची सुरुवात नाक गळण्यानंच. बहुतेकांवर औषध नाही आणि अँटिबायोटिकचा व्हायरसवर काडीचा उपयोग नाही. एक फ्लू मात्र वेगळा. फ्लूला ओसेल्टामिव्हिर नावाचं औषध आहे, ते पहिल्या ४८ तासांत चालू झालं तर जास्त उपयोगी, आणि आपली पोरं जास्त धोक्याच्या गटात येतात म्हणून एकदम जोराचा ताप, अंगदुखी, घरात आणखी कोण तापलेलं असं असलं की वाट न बघता डॉक्टरांना स्वतःहून विचारायचं, हा फ्लू असू शकतो काय, औषध चालू करायचं काय. फ्लू आपल्याकडं पावसाळ्यात एकदा आणि जानेवारी ते मार्चमध्ये एकदा असा २ वेळा डोकं काढतो.

आता घरातलं.

नाक आधी. नाक बंद असलं की आपलं पोर तोंडानं श्वास घेतं आणि मग गिळणं आणखी बिघडतं. सलाइनचे नाकाचे थेंब मिळतात, प्रत्येक नाकपुडीत २ थेंब, १ मिनिट थांबा, मग रबरी बल्बनं नायतर सक्शननं ओढा. हे भरवायच्या आधी आणि झोपवायच्या आधी करायचं. तेल नको! आमच्याकडं नाकात खोबरेल सोडायची जुनी सवय, पण गिळायला न येणाऱ्या पोरात ते तेल सरळ फुप्फुसात उतरतं आणि त्याचा वेगळाच न्यूमोनिया होतो.

कापराचंही तसंच. ओवा आणि कापराची पुरचुंडी करून झबल्याला टाचायची, हे कुठल्या घरात होत नाही सांगा. पण कापरानं फिट येऊ शकते, आणि ज्याला आधीच फिट आहे त्याच्या नाकाजवळ दिवसरात्र कापूर बांधायचा म्हणजे आगीजवळ रॉकेल. छातीला चोळायच्या बऱ्याच मलमांतही कापूर असतो, डबीवर वाचा. सासूबाईंशी यावरनं माझं चांगलं वाजलं होतं, शेवटी मी त्यांना नुसती ओव्याची पुरचुंडी करायला दिली, ती त्याच्या हाताला न लागेल अशी खाटेच्या खांबाला बांधली, भांडण मिटलं. धुरी तर अजिबात नको. वाफसुद्धा नको, गरम पाण्याचं भांडं आणि अचानक झटका देणारं पोर, भाजायला किती वेळ लागतोय.

झोपवायचं कसं? पाठीवर सपाट नाही. डोक्याकडनं ३० ते ४५ अंश वर. उशी नुसती डोक्याखाली घातली तर मान पुढं मुडपते आणि श्वास आणखी अडतो, म्हणून गादीच्या खाली पाचर घालून कंबरेपासनं वर उचलायचं, आम्ही गादीखाली भाताच्या तुसाचं पोतं घालतो. दर २ तासांनी कूस बदला, रात्रीसुद्धा, अलार्म लावून, मी आणि नवरा पाळी लावतो. तोंडातनं लाळ बाहेर गळू दे, कुशीवर असलं की ती आपोआप बाहेर पडते. गळालेली लाळ पुसता येते, आत गेलेली येत नाही.

कफ काढायला थापटणं. हे फिजिओकडनं एकदा हात धरून शिकून घ्या, वाचून येत नाही. हाताचा तळवा ओंजळीसारखा, कपड्यावरनं, बरगड्यांवर, कण्यावर नाही, पोटावर नाही. भरवल्यावर निदान दीड-दोन तास जाऊ द्यायचे. आणि हळू, कारण जी पोरं उभी राहत नाहीत त्यांची हाडं ठिसूळ असतात, फिटच्या काही औषधांनी आणखी. डोकं खाली करून उलटं धरून थापटायची जुनी पद्धत आपल्या पोरांना नको, पोटातलं वर येतं.

सक्शन मशीन ज्यांच्याकडं आहे त्यांनी, दाब मशीनच्या काट्यावर ८० ते १०० एमएमएचजीच्या (mmHg) आसपास, १२० च्या वर नाही. नळी आत जाताना ओढायचं नाही, बाहेर काढताना ओढायचं, एका वेळी १० सेकंदांपेक्षा कमी, मग पोराला श्वास घेऊ द्यायचा. घरात फक्त तोंड आणि नाकाचा पुढचा भाग, दिसतंय तेवढंच, घशात खोल जायचं नाही, त्यानं उलटी होते आणि काही पोरांचे हृदयाचे ठोके एकदम कमी होतात. सारखं सारखं ओढलं तर आत सूज येते आणि कफ आणखी वाढतो, तेव्हा घरघर ऐकू आली की ओढा, घड्याळ बघून नाही. पावसात लाईट जाणार हे धरून चाला, बॅटरीचं मशीन नसेल तर पायानं चालवायचं मिळतं, तेही नसेल तर तोंडानं ओढायचा साधा म्युकस सकर २-३ घरात ठेवा.

नेब्युलायझर. आजकाल घरोघरी आहे आणि लोक त्यात काय पण घालतात. साधं ०.९ टक्क्याचं सलाइन घातलं तर कफ पातळ व्हायला मदत होते. ३ टक्क्यांचं सलाइन, सालब्युटामॉल, स्टेरॉइड, हे डॉक्टरांनी तुमच्या पोरासाठी लिहून दिलं असेल तरच, शेजारच्या पोराला लागू पडलं म्हणून नाही. मास्क रोज साबणानं धुवून पूर्ण वाळवा, पावसाळ्यात ओला मास्क म्हणजे बुरशीची शेती.

भरवणं. माझ्या मते सगळ्यात जास्त पोरं इथंच बिघडतात, मायेपोटी. आजारी आहे म्हणून जास्त भरवायचं, झोपेत पेज घालायची, तोंड उघडत नाही तर नाक दाबून चमचा ढकलायचा. श्वास जोरात चालू असला तर गिळणं आणि श्वास दोन्ही एकदम जमत नाही, घास चुकीच्या नळीत जाणारच. नियम साधा, नेहमीच्या अर्धं, दुप्पट वेळा. पूर्ण जागा असताना, बसवून, हनुवटी थोडी खाली, आणि झाल्यावर अर्धा तास बसवूनच ठेवायचं. नेहमी घट्ट केलेलं पीत असेल तर आजारपणात पातळ पाणी देऊ नका, नाचणीची आंबील ज्या घट्टपणाची चालते त्याच घट्टपणाची. गिळताना खोकतोय, आवाज ओला येतोय, डोळ्यांत पाणी येतंय, ऑक्सिमीटरचा आकडा उतरतोय, तर थांबा, तोंडानं बंद, आणि डॉक्टरांना फोन. नाकातनं नळी घालायची वेळ आली तर घाबरू नका, आम्ही ८ दिवस ठेवली होती, नंतर काढली. नळी किंवा पोटातली ट्यूब आधीपासनं असेल तर तीही हळू आणि थोडं थोडं.

पाणी पोटात जातंय का ते लघवीवरनं बघा. ८ तास डायपर कोरडा म्हणजे पाणी कमी पडलंय, कफही त्यामुळंच दगडासारखा होतो.

ताप. पॅरासिटामॉल वजनावर द्यायचं, वयावर नाही, हे मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला चिकटवा. एका वेळी किलोला १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत निदान ४ ते ६ तास, २४ तासांत ४ वेळांपेक्षा जास्त नाही. माझा बाळू ९ वर्षांचा पण १४ किलोचा, म्हणजे २१० मिलिग्रॅम. बाटलीवर वयाप्रमाणं बघून दिलं तर ९ वर्षांच्या धडधाकट पोराचा डोस त्याला जाईल, जवळजवळ दुप्पट. आणि बाटल्याही वेगवेगळ्या, ५ मिलीत १२० ची एक, ५ मिलीत २५० ची एक, आणि थेंबांची तर १ मिलीतच १००. २१० मिलिग्रॅम म्हणजे २५० वाल्या बाटलीतलं ४.२ मिली आणि १२० वाल्यातलं पावणेनऊ मिली. मेडिकलवाला बदलून बाटली देतो तेव्हा बघून घ्या. आपल्या पोराचा मिलीचा आकडा डॉक्टरांकडनं एकदा तपासून बाटलीवरच पेनानं लिहून टाका. ॲस्पिरिन पोरांना कधीच नाही. गार पाण्याच्या पट्ट्यांनी पोर कुडकुडतं आणि आखडलेलं अंग आणखी ताठतं, त्यापेक्षा कपडे कमी करा. आमच्याकडं तापलेल्या पोरावर ३ घोंगड्या घालायची पद्धत आहे, तीही बंद.

ताप आलाच नाही म्हणून निवांत राहायचं नाही हेही सांगून ठेवते. काही पोरांच्या अंगाला ताप दाखवायचंच जमत नाही, उलट अंग गार पडतं.

खोकल्याचं सिरप नको. खोकला हे आपल्या पोराचं उरलंसुरलं हत्यार, ते दाबायचं कशाला? सर्दीच्या औषधांनी गुंगी येते आणि कफ वाळून चिकटतो. २०२५ साली मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडं विषारी कफ सिरपनं लहान पोरं दगावली ते सगळ्यांनी वाचलंय, तरी अजून लोक काउंटरवरनं बाटली घेऊन येतात. लाळ कमी व्हायला ग्लायकोपायरोलेट किंवा अंग सैल व्हायला ट्रायहेक्सिफेनिडिल चालू असेल तर त्यानंही कफ घट्ट होतो, आजारपणात डोस तोच ठेवायचा काय ते डॉक्टरांना विचारा, स्वतः बदलू नका. बॅक्लोफेन (हेही अंग सैल करायचंच औषध) तर एकदम कधीच बंद करायचं नाही, फिटचं औषधही नाही. औषध दिल्यावर उलटी झाली तर किती मिनिटांच्या आत झाली तर परत द्यायचं हे आधीच विचारून कागदावर लिहा, त्या वेळी कोण फोन उचलत नाही.

घरातला धूर हा वेगळाच विषय. पावसात लाकडं ओली, चूल आणि पाण्याचा बंब धुमसत असतो, निपाणीकडं घरात तंबाखूची धूळ, हंगामात उसाचं पाचट पेटवलेलं. पोर आजारी असताना त्याची खाट चुलीपासनं लांबच्या खोलीत, आणि बिडी ओढणाऱ्यानं अंगणात ओढून आला तरी शर्ट बदलून आत यायचं. आमच्या मामंजींना हे सांगायला मला २ वर्षं लागली.

लक्ष कशावर ठेवायचं? आरएसव्हीसारख्या आजारात साधारण ३ ते ५ या दिवसांत छाती सगळ्यात जास्त बिघडते, म्हणून दुसऱ्या दिवशी जरा बरं वाटलं तरी हुरळून जायचं नाही. दिवसातनं ३-४ वेळा श्वास मोजा आणि कागदावरच्या नेहमीच्या आकड्याशी ताडून बघा. ढोबळ हिशेब असा, १ ते ५ वर्षांच्या पोराचा शांत असताना मिनिटाला ४० च्या वर आणि ५ वर्षांवरच्याचा ३० च्या वर गेला तर जास्त. पण ज्याचा नेहमीचा १८ आहे त्याचा २८ झाला तरी ते जास्तच, ३० ची वाट बघायची नाही.

ऑक्सिमीटर आपल्या पोरांच्या बोटाला नीट बसत नाही, मूठ आवळलेली असते, बोटं गार असतात. पायाचा अंगठा आधी चोळून गरम करा, त्याला लावा, आकडा निदान अर्धा मिनिट एका जागी थांबला की धरायचा. ९४ च्या खाली डॉक्टरांना फोन. ९२ च्या खाली निघायचं. ९० च्या खाली म्हणजे १०८ ला फोन, आंघोळ नाही, कपडे नाहीत, लगेच. तुमच्या पोराचा नेहमीचाच आकडा ९३-९४ असेल तर हे आकडे डॉक्टरांकडनं वेगळे लिहून घ्या.

आकडा चांगला आहे तरी निघायचं अशी पण लक्षणं आहेत. बरगड्यांच्या मध्ये आणि खाली खड्डा पडणं, नाकपुड्या फुलणं, श्वास सोडताना कण्हणं, प्रत्येक श्वासाला मान हलणं, ओठ निळसर किंवा राखाडी, श्वास मध्येच थांबणं, काहीच पोटात न जाणं, नेहमीपेक्षा जास्त फिट, ५ मिनिटांच्या वर चाललेली फिट. आणि बरं झालेला ताप १-२ दिवसांनी परत चढला तर व्हायरसच्या मागनं न्यूमोनियाचे जंतू शिरले असतील, तेव्हा अँटिबायोटिक लागतं.

ज्यांची पोरं एकदम लुळी आहेत, स्नायूंचा आजार आहे, त्यांनी नीट वाचा. त्यांच्या छातीत खड्डा पडायला सुद्धा ताकद लागते आणि ती नसते. ते पोर धडपड न करता शांत होत जातं. रात्रभर किरकिरलेलं पोर पहाटे शांत झोपलं की घरातले म्हणतात चला उतार पडला, आणि मी दुसऱ्या वेळी हेच म्हणणार होते, पण हलवून बघितलं तर डोळे उघडेना. दमून शांत होणं आणि बरं होऊन शांत होणं यात फरक एकच, हाक मारल्यावर नेहमीसारखं बघतो काय. बघत नसेल तर निघा. घरात स्वतःच्या मनानं ऑक्सिजनचं सिलिंडर लावू नका, अशा पोरांत आकडा ९८ दिसतो आणि आत कार्बन डायऑक्साइड साठत जातो, पोर गुंगत जातं, आपल्याला वाटतं झोपलं.

निघताना. १०८ ला फोन केला की आधी तालुका, मग गाव, मग ओळखीची खूण, देऊळ नायतर शाळा. जांबोटी, कणकुंबीकडच्या वाड्यांवर पावसात रेंज जाते, म्हणून ओळखीच्या वडापच्या जीपवाल्याचा आणि शेजारच्या गाडीवाल्याचा नंबर कागदावर, मोबाईलच्या भरवशावर नाही. पिशवी तयारच ठेवायची, तो नेहमीचा कागद, सगळी औषधं बाटल्यांसकट, जुनी डिस्चार्ज कार्डं, युडीआयडी म्हणजे दिव्यांगाचं कार्ड, आधार, रेशन कार्ड, आयुष्मान कार्ड, सकर, डायपर, त्याची पाचरीची उशी. गाडीत आडवं झोपवून न्यायचं नाही, मांडीवर बसतं धरून, मान आपल्या दंडावर.

बेळगावात सिव्हिल म्हणजे बिम्सचं आणि केएलईचं प्रभाकर कोरे हॉस्पिटल ही मोठी, निपाणी-चिक्कोडीकडचे लोक बरेचदा कोल्हापूर जवळ म्हणून तिथलं सीपीआर हे सरकारी हॉस्पिटल गाठतात. पलीकडच्या राज्यात जाणार असाल तर आपलं कार्ड तिथं चालतं काय ते आधी, बरं असताना विचारून ठेवा. नॅशनल ट्रस्टची निरामय म्हणून विमा योजना आहे, सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांग यांच्यासाठी, वर्षाला १ लाखापर्यंत, ओपीडीचासुद्धा खर्च त्यात येतो. दर वर्षी नूतनीकरण विसरू नका, मी एकदा विसरले.

भाषेचं पण सांगते. माझं माहेर चंदगडचं, लग्न होऊन आले तेव्हा कन्नडचा क सुद्धा यायचा नाही, आणि रात्रीच्या ड्युटीला असलेल्या नर्सताई हुक्केरीकडच्या नायतर विजापूरकडच्या असल्या की माझी बोबडी वळायची. तेवढी ४ वाक्यं पाठ करा, "मगुविगे उसिराटद तोंदरे इदे" म्हणजे पोराला श्वासाचा त्रास आहे, केम्मु म्हणजे खोकला, ज्वर म्हणजे ताप, "फिट्स बरताव" म्हणजे फिट येतात. मोडकं बोललं तरी समोरचं माणूस लगेच मऊ होतं, हा माझा अनुभव. आणि तो नेहमीचा कागद इंग्रजीत लिहून घ्या कोणाकडनं तरी, आमचा कॉलेजच्या पोरानं लिहून दिला, मग ड्युटीवर कुठलाही डॉक्टर असू दे.

हॉस्पिटलमध्ये गप्प बसायचं नाही. फिटची कुठली औषधं चालू आहेत ते प्रत्येक नवीन डॉक्टरला सांगा, कारण सोडियम व्हॅल्प्रोएट चालू असताना मेरोपेनेमच्या गटातलं अँटिबायोटिक दिलं तर व्हॅल्प्रोएटचं रक्तातलं प्रमाण एकदम पडतं आणि फिट उसळतात, आणि कार्बामाझेपिन चालू असताना क्लॅरिथ्रोमायसिन दिलं तर उलटं, प्रमाण चढतं. डॉक्टरांना हे माहीत असतंच, पण आपलं पोर कुठल्या औषधावर आहे ते त्यांना माहीत नसतं. पोराला कसं बसवायचं, कुठल्या कुशीवर ऑक्सिजन चांगला राहतो, तोंडानं घेतं की नाही, हेही आपणच सांगायचं. आणि कोणी "असं असणारच" म्हणालं तर व्हिडिओ पुढं करायचा.

व्हेंटिलेटरचं बोलणं पण एकदा करून ठेवा, नवरा-बायकोनं आपसात आणि आपल्या डॉक्टरांशी, पोर बरं असताना. कुठवर जायचं, कशानं त्याला त्रास जास्त आणि फायदा कमी. आयसीयूच्या दारात सही करायच्या वेळी डोकं चालत नाही. आम्ही बोललो तेव्हा दोघंही रडलो आणि मग चहा करून प्यालो, पण तिसऱ्या ॲडमिशनला आम्ही दोघं एकच बोलत होतो.

आणि हे सगळं टळावं म्हणून मे महिन्यात काय करायचं ते. फ्लूची लस ६ महिन्यांवरच्या पोराला दर वर्षी, पहिल्याच वर्षी असेल आणि पोर ९ वर्षांच्या आतलं असेल तर ४ आठवड्यांच्या अंतरानं २ डोस. ती सरकारी नियमित लसीकरणात मिळत नाही, पैसे पडतात. आपणही घ्यायची, घरात जे पोराला उचलतात त्या सगळ्यांनी, कारण बाळू कुठं जात नाही, व्हायरस आमच्याच अंगावरनं त्याच्यापर्यंत येतो. असर व्हायला २ आठवडे लागतात म्हणून पाऊस लागायच्या आधी. न्यूमोकोकलची लस बाळांना सरकारीत आहे, दीड महिना, साडेतीन महिने आणि ९ महिन्यांना, पण आपली मोठी पोरं त्या आधीची असतील तर राहिलेली असते, ती विचारून घ्या. फिट येतात म्हणून फ्लूची लस नको असं काही नसतं.

गणपतीला पुण्याहनं, गोव्याहनं सगळे येतात, आणि आल्या आल्या पहिलं काम पोराचा गालगुच्चा. माझ्या दारात साबण आणि बादली असते. हात धुतल्याशिवाय पोराला हात नाही, सर्दी असेल तर लांबनं, नायतर मास्क लावून. पहिल्या वर्षी जाऊबाई रुसल्या होत्या, गेल्या वर्षी त्यांनीच आपल्या पोराला बादलीपाशी नेऊन उभं केलं.

घरी परत आल्यावर २-३ आठवडे खोकला रेंगाळतो, तेवढं चालतं, श्वास नेहमीच्या आकड्यावर आलाय काय एवढं बघा. वजन परत करा, बाळू दर वेळी किलो-दीड किलोनं उतरतो, म्हणजे पॅरासिटामॉलचा बाटलीवरचा आकडा पण खोडून नवीन लिहायचा. पिशवीतलं संपलेलं भरायचं, आणि कागदावर नवीन तारीख टाकून तो परत दाराच्या मागं खिळ्याला.